हौश्याचा वाटा

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझ्याशी एक शब्द बोलण्याआधी माझ्या कपाळावरून अंगठा फिरवला. मग तो अंगठा तर्जनीवर घासला, नाकाशी नेला आणि आत कोणाला तरी ओरडून सांगितलं, "कोरडा हाय वं माणूस! पण देऊन टाकू खोली."

मी नवा मास्तर. अंगात नवा कोट, बीबी गावाहून ट्रंक घेऊन सरळ खामगावात उतरलेलो. परका माणूस असा आपल्या कपाळाला हात लावतो म्हणजे काय? मला दरदरून घाम फुटला. तो पाहून ते खूश झाले. "पाहा, आता सुटून राह्यलं जरासं," म्हणाले.

मी मुळात लवकर हादरणारा माणूस. ताट पडलं तरी माझी छाती धडधडते. अशा माणसानं त्या घरात खोली घ्यायला नको होती, असं मला पहिल्या आठवड्यातच वाटलं होतं. पण खोली हवेशीर होती, शाळा जवळ होती, आणि खरं सांगायचं तर पुढच्या हादऱ्याची मला हळूहळू चटक लागली.

सगळा मोहल्ला त्यांना काकाजी म्हणायचा. मीही म्हणू लागलो. त्यांचा तेलाचा लाकडी घाणा होता. गावात इंजिनावर चालणाऱ्या तेलाच्या गिरण्या केव्हाच्या आल्या होत्या, त्यांची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसायची. काकाजी तिकडे पाठ करून बसायचे. इंजिनाचं तेल 'घाबरलेलं' असतं असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे काय, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, तुमाले कोणी धावता धावता जेवाले लावलं तर तुमचं कसं होईन?"

जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांनी दोन भाग केले होते: तेल असलेल्या आणि तेल नसलेल्या. बी दिसलं की चिमटीत धरायचं, दाबायचं, वास घ्यायचा. लग्नाच्या पंगतीत बसले तरी भोपळ्याच्या भाजीतलं बी वेचून दाबायचे. चिंचोके, टरबुजाच्या बिया, निंबोळ्या, जे हाती लागेल ते त्यांनी घाण्यात घालून पाहिलं होतं. एकदा सीताफळाच्या बियांचं तेल काढलं आणि केसांना छान म्हणून काकूंच्या डोक्यावर थापलं. ते ओघळून डोळ्यांत गेलं. काकू चांगले चारसहा दिवस डोळ्यांवर ओलं फडकं बांधून बसल्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "ह्या माणसानं मले आंधळी केली असती, बाप्पा!" काकाजी शेजारीच बसलेले. ते शांतपणे म्हणाले, "पण उवा मेल्या का नाही?"

माणसांनाही हीच फूटपट्टी. आमचे हेडमास्तर एकदा माझ्या चौकशीला घरी आले. मोठा करारी माणूस. शाळेत त्यांच्या चपलांचा आवाज आला तरी वर्ग चिडीचूप व्हायचा. काकाजींनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं, निरखून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, तुमच्यात तेल हाय. पण खवट झालं." माझ्या हातातला पेला सुटला. नोकरी गेली असंच मी धरून चाललो. हेडमास्तर मात्र जाताना पावशेर तीळतेल घेऊन गेले.

या माणसाचं सगळं प्रेम एका जागी होतं. घाण्याच्या बैलावर. बैलाचं नाव हौश्या. पांढुरका, शिंगं जरा आत वळलेली, अंगानं आडवा. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर झापडं बांधतात, नाहीतर त्याला फिरून फिरून चक्कर येते. काकाजींनी हौश्याला कधी झापड बांधली नाही. "त्यानं पाहून फिरावं," म्हणायचे. हौश्या पाहून फिरायचा आणि कंटाळला की उभा राहायचा. मग घाणा बंद. गिऱ्हाइकं डबे घेऊन ओसरीवर ताटकळत बसायची. कोणी म्हणालं, "काकाजी, हाणा नं त्याले एक," तर काकाजी त्याचा डबा रिकामाच परत करायचे. हौश्याची मर्जी झाली की तो आपणहून एक पाऊल टाकायचा आणि काकाजी घाईघाईनं उठून, "चला, साहेब निघाले," म्हणत लाटेवर, म्हणजे बैल ओढतो त्या आडव्या लाकडावर, जाऊन बसायचे.

तेल निघाल्यावर जो चोथा उरतो त्याला आमच्याकडे ढेप म्हणतात. गुरांचं उत्तम खाणं. काकाजींचा नियम असा की घाण्यातून निघालेल्या ढेपेचा पहिला गोळा हातानं हौश्याला भरवायचा, मगच तेलाला माप लावायचं. ताप असो, घरात सोयरे येवोत, हा नियम मोडलेला मी पाहिला नाही. "तेल माणसाचं, ढेप बैलाची," ते म्हणायचे. "फिरते कोण? थो. मंग आधी त्याचं."

एवढं सांगितल्याशिवाय चॉकलेटची गोष्ट सांगता येत नाही.

लढाईच्या दिवसांत मुंबईवर बॉम्ब पडतील या धास्तीनं तिथला एक कारखानदार आपली यंत्रं उचलून खामगावात आला होता. कापसाचा एक जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, बंद पडला होता, त्याच्या टिनाच्या शेडमध्ये त्यानं चॉकलेटचा कारखाना मांडला. माल सगळा पलटणींसाठी जायचा. गावाला फक्त वास मिळायचा. लढाई संपली, सरकारची मागणी आटली, आणि मग गावात चॉकलेट खाणारे तयार करावेत असं तिथल्या मॅनेजरांच्या मनात आलं. त्या हिवाळ्यात त्यांनी दवंडी पिटवली: रविवारी कारखाना पाहायला या आणि आपल्या हातानं आपलं चॉकलेट बनवून घेऊन जा.

अर्धं गाव लोटलं. मी गेलो, काकाजींना घेऊन गेलो. नको नको म्हणत काकूही आल्या. मॅनेजर पुण्याकडचे, पांढरा कोट घातलेले, अतिशय सभ्य. "या, आपण असं इकडून यावं," असं बोलायचे. दारातच एका आजीनं त्यांना अडवून, "यात अंडं तर नाही नं, बापू?" असं विचारलं, ते त्यांनी हसून निभावलं.

आत मोठमोठ्या दगडी चाकांखाली काहीतरी काळं, घट्ट, चकचकीत दळलं जात होतं. मी तोंडाचा आ वासून पाहत राहिलो. वास असा की पोटातून भूक वर यावी. मग आम्हाला लांब टेबलापाशी उभं केलं. प्रत्येकापुढे पत्र्याचा एक साचा. मॅनेजरांनी पळीनं ऊन ऊन चॉकलेट कसं ओतायचं ते दाखवलं, मग साचा टेबलावर आपटायचा म्हणजे बुडबुडे निघतात, मग वरून पाहिजे तर शेंगदाणे, तीळ, बेदाणे. मी शेंगदाणे इतके घातले की चॉकलेट दिसेना. काकूंनी फक्त तीळ घातले, तेही मोजके. मग साचे बर्फाच्या पेटीत गेले, आणि बाहेर आले ते टणक होऊन! साचा उलटा करून टकटक केलं की वडी हातात. मॅनेजरांनी ती चांदीच्या कागदात गुंडाळून दिली. माझ्या हातानं मी अशी वस्तू केली होती यावर माझा विश्वास बसेना. ती मी जपून कोटाच्या खिशात ठेवली. घरी येईपर्यंत उन्हानं ती सगळी कोटात जिरली, तो भाग वेगळा.

काकाजींनी मात्र साच्यात बोट बुडवलं होतं. अंगठा आणि तर्जनी घासून पाहिली. वास घेतला. जिभेला लावलं. आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, भाजलं की काय.

"ह्याच्यात तेल हाय," ते म्हणाले. "निम्मं तेल हाय, मास्तर! घाणा कुठी हाय ह्यायचा?"

मॅनेजर कौतुकानं आम्हाला यंत्राकडे घेऊन गेले. बदामाएवढ्या तपकिरी बिया दाखवल्या. भाजायच्या, फोलपटं काढायची, दळायच्या, ते सगळं सांगितलं. दाबयंत्रातून पिवळसर तेल निघत होतं आणि भांड्यात पडताच थिजत होतं. काकाजींनी ते तळहातावर चोळलं, पुन्हा पुन्हा वास घेतला. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. मग यंत्राच्या खालून निघालेल्या तपकिरी चकत्यांकडे बोट करून त्यांनी विचारलं, "अन् ही ढेप कोणच्या बैलाले?"

"ढेप?" मॅनेजर हसले. "नाही हो. ही दळतात आणि दुधात घालून पितात. पौष्टिक असते. चॉकलेटमध्येही हीच तर असते."

"कोण पिते?"

"माणसं."

"माणसं ढेप खातात?" काकाजींचा आवाज चिरकला. आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली. "अन् बैल?"

"आमच्याकडे बैल नाहीत. मोटर आहे."

"म्हणजे फिरणाऱ्याचा वाटाही तुमीच खाता!"

मॅनेजर सभ्यपणे हसतच राहिले. काकाजी हसले नाहीत. आपल्या हातानं ओतलेली वडी त्यांनी चांदीच्या कागदासकट टेबलावर ठेवली आणि बाहेर निघून गेले. पुढचे दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. त्यांचं बोलणं ऐकून मी जितका हादरायचो त्याहून त्या गप्प बसण्यानं जास्त हादरलो.

तिसऱ्या दिवसापासून ते कारखान्यावर जायला लागले. मॅनेजरांच्या मागं लागायचे, थोडं बी द्या. रोज. मॅनेजरांनी खूप टाळलं. खामगावात चॉकलेट खाणारे काही तयार झाले नाहीत आणि होळीच्या आधीच कारखाना मुंबईला परत जायला निघाला. यंत्रं वॅगनमध्ये चढत होती तेव्हा उरलेलं बियांचं अर्धं पोतं मॅनेजरांनी काकाजींच्या पायाशी ठेवलं आणि हात जोडले. काकाजी ते पोतं स्वतःच्या खांद्यावरून घरी घेऊन आले. चेहरा असा की मुलगा परदेशातून शिकून आला असावा.

"एकदा तरी ह्या बियाचं तेल बैलानं काढलं पाह्यजे," ते म्हणाले.

मग त्या घरात चॉकलेट झालं. काकूंनी बिया लोखंडी कढईत भाजल्या. "ह्या वयात मले भटियारीण केलं," असं त्या पुटपुटत होत्या, पण वास सुटल्यावर त्या कढईपासून उठेनात. भिंतीपलीकडून माणसं डोकवायला लागली. फोलपटं मी आणि काकूंनी सुपानं पाखडली. घाणा गरम पाण्यानं धुतला होता, तरी त्यात वर्षानुवर्षांचा जवस आणि तीळ मुरलेला. हौश्या त्या दिवशी कंटाळला नाही, मन लावून फिरला. तेल निघालं. संध्याकाळपर्यंत ते परातीत तुपासारखं थिजलं. काकाजींनी त्यात पिठीसाखर घातली, थोडा खवा मळला, थाळीत थापलं आणि सुरीनं वड्या पाडल्या.

वड्या पांढऱ्या स्वच्छ.

"काकाजी," मी म्हटलं, "चॉकलेट काळं असतं."

"त्यायचं काळं," ते म्हणाले, "कारण त्यायनं ढेप मिसळली. भेसळ हाय ती, मास्तर. हे असली."

मी थक्क झालो. जगभरचे कारखानदार भेसळ करतात आणि खरं चॉकलेट फक्त आमच्या ओसरीवर, हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की क्षणभर मलाही पटलं. वडी तोंडात टाकली. गोड होती, जिभेवर लोण्यासारखी विरघळली, आणि मागून जवसाचा वास आला. मोहल्ल्यात सगळीकडे वाटल्या. लोकांनी भिडेखातर खाल्ल्या. एकानं विचारलं की ही पोटात घ्यायची की चोळायची. काकाजींचं लक्षच नव्हतं. त्यांना हौश्याचा वाटा द्यायचा होता.

ढेप कडू होती. हौश्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं.

काकाजींनी त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन घास पुढे केला. हौश्यानं पुन्हा तोंड फिरवलं. जन्मभर ज्याच्या मर्जीनं घाणा चालला त्या बैलाला काकाजी विनवायला लागले. "अरे, तुह्याच हक्काची हाय बे! तिकडं माणसं चोरून खातात, अन् तू नाही म्हणून राह्यला?" शेवटी त्यांनी ढेपेत गूळ कालवला, वर सरकी टाकली. गुळाच्या वासानं हौश्यानं खाल्लं. काकाजींनी त्याला घास घास करून भरवलं, रात्री भरवलं, सकाळी उठून पुन्हा भरवलं. मॅनेजरांवर त्यांचा जो राग होता तो सगळा त्या भरवण्यात निघून जात होता. इतके सुखी ते मला कधी दिसले नव्हते.

त्याच सकाळी मी शाळेची तयारी करत होतो तेव्हा खालून त्यांची हाक आली. "मास्तर! या, पाहा गंमत!"

हौश्या घाण्याभोवती फिरत होता. जुंपलेला नव्हता. मोकळाच, भराभर, गोल गोल. "पाहा कसा जोर आला त्याले!" काकाजी टाळ्या वाजवत होते. मीही हसलो. मग तो जवळून गेला तेव्हा मला त्याचे डोळे दिसले. ते फाटल्यासारखे उघडे होते. पोटाखालून घाम टपटप गळत होता आणि कातडी सगळीकडून थरथरत होती.

काकाजींच्या टाळ्या थांबल्या.

त्यांनी पुढे होऊन त्याला धरलं. तो थांबेना. दावं ओढलं, थांबेना. शेवटी त्याच्या मानेवर हात ठेवून काकाजी त्याच्याबरोबर फिरायला लागले. "थांब रे साहेबा. बस कर. आज काम नाही." एरवी न सांगता थांबणारा बैल त्या दिवशी थांबता थांबेना. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी धावत जाऊन गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आलो. मी शाळेत गेलो नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

डॉक्टरांनी आम्हा तिघांना त्याला दाबून धरायला लावलं आणि छातीला नळी लावली. "काळीज किती पळून राह्यलं याचं!" ते म्हणाले. "खाल्लं काय यानं?" काकाजींनी टोपलं दाखवलं. डॉक्टरांनी ढेप हुंगली, बोटांनी कुसकरली. अशी वस्तू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी ताक पाजलं, कसला काढा पाजला, पोटावर गार पाणी मारलं. हौश्या पुन्हा उठून फिरायला लागला. काकाजी पुन्हा त्याच्याबरोबर. दुपार कलल्यावर त्याचे पुढचे पाय दुमडले, तो बसला, आणि मग आडवा झाला. काकाजींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं डॉक्टरांनी कानातली नळी काढून पिशवीत ठेवली.

मी आजवर इतक्या वेळा हादरलो होतो, पण ते सगळं खेळातलं होतं असं तेव्हा वाटलं. आदल्या संध्याकाळी याच जागी आम्ही हसत वड्या खाल्ल्या होत्या.

"त्यानं तोंड फिरवलं होतं, मास्तर," काकाजी म्हणाले. "दोन डाव फिरवलं. त्याले समजलं होतं. म्या गूळ लावला."

मग त्यांनी हौश्याचं डोकं हळूच जमिनीवर ठेवलं, उठले, टोपल्यापाशी गेले आणि उरलेल्या ढेपेत हात घालून मूठ तोंडात कोंबली.

काय होतंय ते आम्हाला कळेपर्यंत त्यांनी दुसरी मूठ भरली होती. काकू किंचाळल्या, "अव माय! काय करून राह्यले तुमी? धरा नं कोणी त्यायले!" मी त्यांचं मनगट पकडलं. त्या वयाच्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं, त्यांनी मला झटकून दिलं. डॉक्टर ओरडले, "विष आहे ते, काकाजी!" काकाजी चावत होते, कोरडी भुकटी घशात अडकून खोकत होते आणि पुन्हा खात होते. काकूंनी शेवटी टोपलंच ओढून अंगणात फेकलं. तोवर त्यात फार काही राहिलं नव्हतं.

ते परत येऊन हौश्याच्या पाठीला पाठ लावून बसले. तोंडाभोवती सगळं काळं. काकूंनी ताकाचं भांडं ओठांना लावलं, त्यांनी दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलं. डॉक्टर जाईनात. काकूंनी दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरून ठेवले होते, जणू तेवढ्यानं ते जायचे थांबतील. मी त्यांची नाडी धरून बसलो. प्रत्येक ठोक्याला मला वाटायचं की पुढचा पडणार नाही. माझे वडील गेले तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. ऊन अंगणातून सरकत समोरच्या भिंतीवर चढलं.

"मास्तर, सांगा नं," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "काय होऊन राह्यलं त्यायले?"

"काही नाही काकू," मी म्हटलं. "नाडी चांगली आहे. अगदी चांगली आहे."

काकूंनी पायावर डोकं टेकलं आणि रडू लागल्या. डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला. मलाही मोकळं वाटलं, आणि मी काकाजींकडे पाहिलं. मी त्यांच्या तोंडात मारल्यासारखे ते माझ्याकडे पाहत होते. त्यांनी हात सोडवून घेतला, स्वतःच्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ वाट पाहिली.

"मले तर काहीच नाही होऊन राह्यलं, मास्तर," ते म्हणाले. "मॅनेजर खरं बोलत होता. हे माणसायचंच होतं."

आणि त्यांनी हौश्याच्या गार पडलेल्या मानेवर तोंड ठेवून हंबरडा फोडला.